रेस दिली की वाढणारी शिट्टी

गाडी बंद असताना नवीन बसवलेली म्युझिक सिस्टीम इतकी मस्त वाजत होती की हाताला लागलेलं काळं तसंच ठेवून मी मागच्या सीटवर अर्धा तास नुसता बसून होतो. दोन दिवस खपलो होतो त्यासाठी. नवीन हेडयुनिट (डॅशबोर्डमधला प्लेअर), डिकीत चार चॅनलचा अँप (म्हणजे अँप्लिफायर, सिग्नल मोठा करून स्पीकरला देणारा), पुढच्या दारांत कंपोनंट स्पीकर (बारीक आवाजाचा ट्वीटर वेगळा असतो ते), मागे सगळं एकातच असलेले कोअॅक्सियल, बॅटरीपासून डिकीपर्यंत ओढून आणलेली जाड वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर मेन फ्यूज, म्हणजे सगळं जिथल्या तिथे आणि कुणाचीही मदत न घेता. मग बहिणीला हाक मारली, शेजारी बसवली, सेल मारला आणि स्पीकरमधून बारीक कुंईंऽऽ सुरू झालं. रेस दिली, कुंईं वर चढलं. रेस सोडली, खाली आलं. ती दोन मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली, "दादा, गाडीत डास शिरलाय का रे?"

त्या डासामागे माझे तीन वीकेंड गेले. त्यातले दोन नको ते करण्यात, आणि त्यात एक चूक अशी केली की एका बिघाडाचे दोन झाले, म्हणजे नंतर खरा बिघाड सापडला तरी आवाज जाईना. हे लिहितोय ते त्यासाठीच, कारण शोधायला गेलं की जिकडे तिकडे "अर्थिंग चेक करा" एवढंच वाचायला मिळतं (अर्थ म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायचा जोड). अरे पण चेक करायचं म्हणजे नक्की काय करायचं? मी पण चेक केलं होतं की. मीटर लावून केलं होतं. मीटरने सांगितलं सगळं ठीक आहे.

आधी तो आवाज म्हणजे काय ते सांगतो, कारण मला ते कळल्यावर अर्धी भीती गेली. गाडीतला अल्टरनेटर एसी करंट बनवतो, तीन फेजचा, आणि त्याच्या पोटातले सहा डायोड त्याचं डीसी करतात. पण ते डीसी अगदी सपाट नसतं, त्यावर बारीक बारीक उंचवटे राहतात. बारा पोलचा अल्टरनेटर धरला तर एका फेरीत ३६ उंचवटे. आता आयडलला इंजिन ८०० आरपीएमवर आहे आणि पुली लहान असल्यामुळे अल्टरनेटर त्याच्या पावणेतीन पट फिरतोय असं समजा, म्हणजे २,२०० आरपीएम, सेकंदाला साधारण ३७ फेऱ्या, गुणिले ३६, झाले १,३०० हर्ट्झच्या वर. इंजिन २,००० आरपीएमला नेलं की तोच आकडा ३,३०० वर जातो, आणि माणसाचा कान नेमका याच पट्ट्यात, दोन ते चार हजार हर्ट्झला, सगळ्यात तिखट असतो. त्यामुळे मिलिव्होल्टमधली ती भानगड सुद्धा गाण्याच्या वर ऐकू येते आणि बेसने झाकली जात नाही.

म्हणजे रेसबरोबर शिट्टी चढते-उतरते तेव्हा ती अल्टरनेटरची. रेसबरोबर टिकटिक वाढते, शिट्टी नाही, तर इग्निशनकडे बघायचं, स्पार्क प्लगच्या वायरी वगैरे. इंजिनच्या स्पीडशी काही संबंधच नाही, एकसारखं घूंऽऽ आहे आणि नुसती चावी फिरवली तरी येतंय, तर बहुतेक फ्यूएल पंप. डॅशकॅम, स्वस्तातले चार्जर, एलईडीचे बल्ब यांचे आवाज आणखी वेगळे, ते एकेक प्लग काढून बघितले की सापडतात. आणि इंजिन बंद असतानाही येणारा हलका सूंऽऽ आवाज हा साधा हिस, तो अँपवरचं गेनचं बटण जास्त फिरवून ठेवल्याचा, त्याकडे शेवटी येतो.

आता माझे प्रताप.

पहिल्या वीकेंडला मी ग्राउंड लूप आयसोलेटर आणला. छोटी डबी असते, आरसीएच्या (हेडयुनिटपासून अँपपर्यंत गाण्याचा सिग्नल नेणारी केबल) मध्ये लावायची, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो आणि दोन्हीकडचे अर्थ एकमेकांपासून सुटे होतात. लावला. शिट्टी जवळजवळ गेली. खूश. आणि मग नेहमीचं गाणं लावलं तर बेस गिटार कुठे गेली तेच कळेना, खालचा भाग कुणीतरी कात्रीने कापून टाकल्यासारखा. एवढासा ट्रान्सफॉर्मर खालच्या फ्रिक्वेन्सीला दमतो, त्यात त्याची चूक नाही. पण इतका खर्च, इतकी मेहनत करून अँप बसवायचा आणि मग त्याच्या तोंडाशी बोळा कोंबायचा हे मनाला पटेना. काढून टाकला.

मग वाटलं वायरिंगचा घोळ असणार. आरसीए केबल आणि बॅटरीची वायर शेजारी शेजारी नेऊ नये असं सगळेच सांगतात आणि माझ्या दोन्ही केबल डाव्या बाजूनेच गेल्या होत्या. म्हणून दुसऱ्या शनिवारी सगळं उघडलं. दारांच्या खालच्या पट्ट्या काढल्या, कार्पेट उचललं, सीटखालच्या पिवळ्या कपलरला हात लागणार नाही याची काळजी घेत (पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, त्यांच्याशी खेळायचं नाही) आरसीए उजव्या बाजूने नेली. चार तास गेले. पट्ट्यांच्या तीन क्लिपा तुटल्या. सेल मारला, कुंईंऽऽ, जसंच्या तसं, उलट आता ते मला टोमणा मारल्यासारखं वाटायला लागलं. केबल वेगळ्या न्यायचा सल्ला चुकीचा नाहीये, पण शिट्टीचं कारण दहातल्या आठ वेळा तिथे नसतं असं माझं आता मत झालंय. आणि मुख्य म्हणजे हे कार्पेट न उचलता तपासता आलं असतं, ते पुढे सांगतो.

मग तो मोठा पराक्रम. डिकीत अँपच्या अर्थच्या वायरीचा लग (टोकाची धातूची कडी) एका बोल्टखाली दाबला होता, म्हटलं जागा बदलून बघू. संध्याकाळ झाली होती, घाई होती, गाणं चालू, इंजिन चालू, म्हणजे आवाज गेला की लगेच कळेल, आणि मी पान्याने तो बोल्ट सोडवला. लग उचलला. अँप बंद पडायला हवा होता ना? पडला नाही. एक-दोन सेकंद गाणं सुरूच राहिलं आणि मग गेलं. मला ते जरा विचित्र वाटलं, पण फार विचार केला नाही. दुसऱ्या बोल्टला लग लावला, अँप परत चालू झाला आणि स्पीकरमधून जी शिट्टी आली ती आधीच्या शिट्टीची आजी होती. आधी गाणं लावलं की कान देऊन ऐकावी लागायची, आता गाणं तिच्या मागून ऐकू येत होतं. परत जुन्या बोल्टला लावलं. तीच. म्हणजे माझ्या हातून काहीतरी गेलं होतं.

माझा एक कॉलेजपासूनचा मित्र अँप दुरुस्त करतो, त्याला रात्री फोन लावला. मी दहा मिनिटं सांगत होतो, त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तू काय काय बदललंस ते कळलं," तो म्हणाला. "आता काय काय तपासलंस ते सांग."

मी म्हटलं तपासलं म्हणजे, बदलून बघितलं ना.

"ते नाही. बदलणं वेगळं, तपासणं वेगळं. आता बाबा विकत काही आणू नकोस. एकेक तुकडा बाजूला काढ आणि फक्त ऐक. आवाज कुठल्या तुकड्यात शिरतोय ते कळल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही."

तर तिसरा वीकेंड. रविवारी सकाळी गाडी मोकळ्यावर काढली (इंजिन चालू ठेवून बराच वेळ काम करायचं असेल तर बंद पार्किंगमध्ये करू नका, धूर) आणि त्याने सांगितलेल्या क्रमाने सुरुवात केली.

पहिलं व्हॉल्यूम. गाणं पॉज, व्हॉल्यूम शून्यावर आणला, शिट्टी तेवढीच. वाढवला, तेवढीच. हे फुकटात होतं आणि यातून अर्धी गाडी बाद होते. व्हॉल्यूमबरोबर शिट्टी वाढली असती तर ती व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधी शिरत असती, म्हणजे फोन, ऑक्स (वायरने फोन जोडायचं इनपुट), रेडिओ, हेडयुनिटच्या आतलं काही. व्हॉल्यूमला ती जुमानत नाही म्हणजे ती त्याच्या पुढे शिरतेय, हेडयुनिटच्या बाहेर पडणाऱ्या आरसीएपासून अँपपर्यंत कुठेतरी.

दुसरं, अँपच्या इनपुटमधून आरसीए काढायच्या. पण नुसतं काढायचं नाही. आधी सिस्टीम बंद करायची, मग काढायच्या, मग जुन्या तुटक्या केबलचे आरसीए प्लग घेऊन मधली पिन आणि बाहेरची कडी तारेने जोडून टाकायची आणि ते प्लग इनपुटला खोचायचे. इनपुट मोकळं ठेवलं तर ते स्वतःच काहीबाही पकडतं आणि आपण फसतो. लावले, सेल मारला. पूर्ण शांत. इंजिनची घरघर बाहेरून ऐकू येत होती, स्पीकरमधून काहीही नाही. म्हणजे अँपमध्ये बिघाड नाही आणि बॅटरीच्या वायरीतून अँपच्या पोटात काही शिरत नाहीये. पॉवरच्या वायरीवर लावायचा तो जाडजूड नॉइज फिल्टर मी ऑर्डर करणारच होतो, तो तिथेच रद्द.

तिसरं, फोनमधून थेट अँपला. हेडफोनची पिन ते आरसीए अशी वायर, फोन चार्जिंगला न लावता. एकदम स्वच्छ. इथे मी उडी मारली की म्हणजे अर्थिंग ठीक आहे, बिघाड हेडयुनिटमध्ये आहे. मित्राला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, "फोनला अर्थ कुठेय?" मला पाच मिनिटं लागली समजायला. लूप व्हायला दोन टोकं गाडीला चिकटलेली लागतात. फोन बॅटरीवर चालतो, त्याचं गाडीच्या बॉडीशी काही घेणंदेणं नाही, मग लूप होणार कसा? म्हणजे या टेस्टने अँपचा अर्थ निर्दोष सुटत नाही, फक्त एवढंच कळतं की हेडयुनिट जोडलं की गडबड होते.

हा लूप काय असतो ते इथेच सांगून टाकतो. हेडयुनिटचा अर्थ डॅशबोर्डमागे, अँपचा अर्थ डिकीत, दोन्ही गाडीच्या बॉडीला. कागदावर ते एकच. पण बॉडी म्हणजे काही एकसंध तांब्याची पट्टी नाही, ते वेल्ड केलेले, मध्ये सीलंट भरलेले, रंगवलेले पत्रे आहेत आणि त्याच पत्र्यातून हेडलाइट, ब्लोअर, वायपर, सगळ्यांचा करंट परत बॅटरीकडे जात असतो. त्यामुळे डिकी आणि डॅशबोर्ड यांच्यात काही मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि त्या फरकावर अल्टरनेटरचे ते उंचवटे बसलेले असतात. आरसीए केबलची बाहेरची जाळी ही दोन टोकं जोडते, म्हणून तिच्यातून थोडा करंट वाहतो. आणि गाण्याचा सिग्नल म्हणजे काय, तर मधली तार आणि ती जाळी यांच्यातला फरक. जाळीवर जे चढेल ते अँपला गाणंच वाटतं बिचाऱ्याला. हेडयुनिटच्या डब्यावर २ व्होल्ट, ४ व्होल्ट प्रीआउट (आरसीएतून बाहेर पडणारा सिग्नल) असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं पण ते फुल व्हॉल्यूमला, आपण रोज ऐकतो तेव्हा तो सिग्नल त्याच्या एका छोट्या तुकड्याएवढाच असतो, मग पाच-दहा मिलिव्होल्टची घाण सुद्धा ऐकू येणारच.

चौथं, केबलचा रस्ता. दुसरी आरसीए केबल घेतली आणि सरळ सीटवरून, हँडब्रेकवरून, उघड्यावर डिकीत नेली. हेडयुनिट बाहेर ओढून ठेवलं होतं तिथून अँपपर्यंत. शिट्टी तशीच. म्हणजे रस्त्याचा प्रश्न नाही. दहा मिनिटं लागली याला. आठवतंय ना, कार्पेट उचलायला चार तास.

अँटेनाची पिन पण काढून बघितली कारण अँटेनाच्या जाळीतून हेडयुनिटला आणखी एक अर्थ मिळत असतो, काही फरक नाही. अँपच्या पायांचे स्क्रू पत्र्यात गेलेत का तेही बघितलं, मी तो प्लायवर बसवलाय, त्यामुळे ते नाहीच.

मग मित्राने सांगितलेली ती टेस्ट, जी मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. सगळं बंद करून हेडयुनिटच्या मागच्या आरसीएची बाहेरची कडी आणि हेडयुनिटची लोखंडी बॉडी यात कंटिन्युटी बघायची, म्हणजे दोन्ही आतून जोडलेले आहेत का ते. मीटरने बीप द्यायला हवा. दिला नाही. परत टेकवलं, जरा घासून टेकवलं. नाही. स्क्रीनवर फक्त एक उभी रेघ, म्हणजे सर्किट उघडं. हेडयुनिटच्या आरसीएचा अर्थच तुटला होता.

आणि तेव्हा ते विचित्र एक-दोन सेकंद आठवले. मी चालू अँपचा अर्थ काढला होता, तरी गाणं वाजत राहिलं. अँपला करंट परत पाठवायला रस्ता हवा होता, जाड वायर मी काढलेली, मग तो सगळा करंट आरसीएच्या जाळीतून हेडयुनिटमध्ये घुसला आणि तिथून गाडीच्या अर्थला गेला. काही हेडयुनिटमध्ये आरसीएच्या अर्थच्या रस्त्यात बोर्डवर मुंगीएवढा एक फ्यूज असतो, तो अशा वेळी बळी जातो. तो गेला की आरसीएची जाळी हेडयुनिटच्या बाजूने लोंबकळत राहते आणि शिट्टी बोकांडी बसते. ही माझी स्वतःच्या हाताने केलेली कमाई. तेव्हापासून माझा नियम असा आहे की अँपचा अर्थ काढायचा तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं, मग आरसीए, आणि अर्थ सगळ्यात शेवटी. लावताना उलटं, अर्थ आधी.

खात्री करायला एक तार घेतली. एक टोक हेडयुनिटच्या बॉडीच्या स्क्रूखाली दाबलं, इंजिन चालू केलं, दुसरं टोक आरसीएच्या कडीला टेकवलं. शिट्टी धपकन पडली. उचललं, आली. टेकवलं, पडली. मी हे सात-आठ वेळा केलं असेल, नुसतं बरं वाटत होतं म्हणून. शेवटी आरसीएच्या कडीला एक आखूड तार डाग देऊन पक्की केली आणि बॉडीच्या स्क्रूला आवळली. खरं काम म्हणजे बोर्ड उघडून तो फ्यूज बदलणं, पण माझा हात एवढा स्थिर नाही आणि तार आपलं काम करतेय.

पण शिट्टी पडली म्हणजे गेली नव्हती. ती पहिल्या दिवसाच्या जागी आली होती. डास परत डास झाला.

आता अर्थिंग. मी सुरुवातीलाच मीटर ओहमवर ठेवून अँपचा अर्थ ते बॅटरीचं निगेटिव्ह असं मोजलं होतं आणि ०.४ ओहम आलं होतं. नुसते प्रोब एकमेकांना टेकवले तर ०.३ येत होतं, म्हणजे खरं ०.१. म्हटलं उत्तम, अर्ध्या ओहमच्या आत आहे. इथेच गंडलो. साधा मीटर ०.१ च्या खाली काही सांगूच शकत नाही आणि ०.१ ओहम हे अँपच्या भाषेत भरपूर आहे. ४ अँपिअर करंट गेला की तिथे ०.४ व्होल्ट पडतात, बेसच्या ठोक्याला आणखी जास्त. म्हणून ओहम मोजायचे नाहीत, चालू सिस्टीमवर व्होल्ट मोजायचे. मीटर डीसी व्होल्टवर, काळा प्रोब लांब वायर जोडून थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब अँपच्या अर्थच्या स्क्रूवर, इंजिन चालू, हेडलाइट चालू, ब्लोअर फुल, गाणं जोरात. आदर्श म्हणजे शून्य. ०.१ च्या आत असेल तर चालतं. माझं आलं ०.३८. तसंच हेडयुनिटच्या अर्थच्या वायरीवर मोजलं तर ०.०६. म्हणजे डिकी आणि डॅशबोर्ड यांच्यात जवळजवळ तिसरा हिस्सा व्होल्टचा फरक. नुसता फरक नाही, त्यावर स्वार झालेली शिट्टी.

जाता जाता मीटरबद्दल. अल्टरनेटरचा डायोड गेलाय का हे बघायला बॅटरीवर एसी व्होल्ट मोजतात, इंजिन चालू ठेवून. चांगल्या गाडीत ते ०.१ च्या आत असतात, अर्ध्या व्होल्टकडे गेले तर डायोडवर संशय घ्यायचा. मी माझ्या साध्या मीटरने एसीवर मोजलं तर आलं ३० च्या आसपास! घाबरलो. प्रोब उलटे केले तर शून्य. काही स्वस्त मीटर एसीच्या रेंजवर डीसी अडवतच नाहीत, एका बाजूने दुप्पट दाखवतात आणि दुसऱ्या बाजूने काहीच नाही. मित्राकडून बरा मीटर आणला, त्यावर ०.०३ आलं. अल्टरनेटर ठणठणीत.

तर डिकी. बाजूचं फेल्ट मागे सारून बोल्ट बघितला. बाहेरून बघाल तर काही खोट काढता येणार नाही, बोल्ट घट्ट, लग चकाचक, वायर जाड. बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, आरसीए काढल्या (शिकलो होतो), मग बोल्ट सोडवला. लगच्या खाली गाडीचा रंग अख्खा होता. लगने त्यावर गोल ठसा उमटवलेला, पण रंग तुटलेला नाही. म्हणजे इतके दिवस लग रंगावर बसला होता आणि सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून, त्याही रंगाने भरलेल्या, कसाबसा जात होता. मी पहिल्या दिवशी पॉलिश पेपर मारला होता हे मला पक्कं आठवत होतं. मारला होता, पण वरवर. चकाकी गेली, रंग नाही गेला.

या वेळी नीट बसलो. जाडा पेपर घेतला, लगपेक्षा थोडं मोठं वर्तुळ पेन्सिलने आखलं आणि घासायला लागलो. आधी वरचं लॅकर पांढऱ्या भुकटीसारखं निघालं. मग गाडीचा रंग. मग करडा प्रायमर, त्याला बराच वेळ लागला, पेपर भरून जायचा, झटकायचा, परत घासायचं. त्याखाली आणखी एक पातळ काळसर थर, गंज लागू नये म्हणून कारखान्यात देतात तो, हा सगळ्यात चिवट आणि हाच फसवतो, कारण तो पत्र्यासारखाच दिसतो. मीटरचे दोन्ही प्रोब त्यावर टेकवून बघितले, बीप नाही. अजून घासलं. मग एका बाजूने एक चंदेरी रेघ उघडी पडली आणि हळूहळू अख्खं वर्तुळ नाण्यासारखं चमकायला लागलं. प्रोब टेकवले, बीप. मग दातेरी वॉशर, लग, बोल्ट, चांगलं आवळलं आणि वरून ग्रीस फासलं, नाहीतर उघडा पत्रा पुढच्या पावसाळ्यापर्यंत गंजून परत हीच कथा. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका, तो जवळ असतो, जाड असतो, मोह होतो, पण तो जीव वाचवायला आहे, त्याला तसाच राहू द्या.

परत मोजलं. ०.०४.

सेल मारला. काहीच नाही. रेस दिली, ३,००० पर्यंत नेली, काहीच नाही. मला विश्वास बसेना म्हणून कान दाराच्या ट्वीटरला लावला. नुसता हलका सूंऽऽ. तो सूंऽऽ माझ्या गेनचा होता, मी गेनला व्हॉल्यूमचं बटण समजून पाऊणच्या वर फिरवून ठेवला होता. गेनचं काम जोर वाढवणं नाही, हेडयुनिटच्या सिग्नलशी अँप जुळवून घेणं एवढंच. पूर्ण खाली आणला, हेडयुनिट पाऊण व्हॉल्यूमला ठेवलं आणि आवाज फाटायच्या जरा आधीपर्यंत गेन हळूहळू वर नेला. पूर्वीपेक्षा निम्म्यावरच थांबला. हिस गेला, आणि बेस पण जरा टणक झाल्यासारखा वाटला, आता तो अर्थ सुधारल्यामुळे की तीन वीकेंडच्या कष्टांमुळे ते सांगता येणार नाही.

बहिणीला परत बोलावलं. चक्कर मारली. छान म्हणाली आणि तिच्या फोनमधली गाणी लावायला तिने फोन ऑक्सला लावला, चार्जिंग कमी होतं म्हणून चार्जरलाही लावला, आणि कुंईंऽऽ.

माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. पण या वेळी हात आपोआप व्हॉल्यूमकडे गेला. कमी केला, शिट्टी कमी झाली. वाढवला, वाढली. म्हणजे व्हॉल्यूमच्या आधीची. चार्जरची वायर उपटली, गायब. फोन आता चार्जरमधून गाडीच्या अर्थला चिकटला आणि ऑक्समधून हेडयुनिटच्या अर्थला, म्हणजे तोच लूप, फक्त छोटा. अर्ध्या मिनिटात निदान.

घरी आलो आणि खणातून तो आयसोलेटर काढला, पहिल्या वीकेंडला आणलेला. आरसीएचा होता, दोन कन्व्हर्टर लावून ऑक्सच्या वायरीत बसवला. बेस थोडा पातळ होतो, पण ऑक्सवर ती फक्त बहीणच ऐकते आणि तिला चालतं. मी ब्लूटूथवर.